विहिरीतली पांढरी

रायर भेटले की पहिला प्रश्न एकच विचारत. "आज अंघोळ कुठल्या पाण्याची?"

पाहुणा असो, वायरमन असो की बँकेतून आलेला माणूस, उत्तर मिळाल्याशिवाय ते दारातून बाजूला होत नसत. नगरपालिकेच्या नळाची म्हटलं की मान हलवून आत घेत. आमच्या मागच्या विहिरीची म्हटलं की सांगत, "सरि, ठीक. मग आज नदीकडे जाणें नको." कारण सांगत नसत. बहुतेक लोक हसून सोडून देत. ज्यांना कारण ठाऊक होतं अशी माणसं गावात मोजकीच होती, आणि ती हसत नसत.

तंजावरकडच्या मराठी राव घराण्यांतल्या पुरुषाला तमिळ लोक रायर म्हणतात. कुंभकोणममध्ये असे रायर बरेच आहेत, पण आमच्या गल्लीत नुसतं रायर म्हटलं की तेच. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. मी एका इंग्रजी दैनिकाचा जिल्हा वार्ताहर म्हणून तिथे होतो आणि त्यांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो. मी मूळचा सोलापूरचा. त्यांच्या लेखी महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस पुणेकर होता, तो गैरसमज दूर करण्याचा प्रयत्न मी पहिल्या महिन्यातच सोडला.

घराचा उंबरा ही त्यांच्या भाषेची सीमा होती. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. वाक्य अर्धं झालं असताना बाहेर पाऊल पडलं तर उरलेलं वाक्य तमिळमध्ये पूर्ण होई. त्यांची मराठी तीनेकशे वर्षांपूर्वी घरातून निघालेली आणि वाटेत तमिळ शब्द गोळा करत आलेली. माझी मराठी त्यांना हलकी वाटे. "तुमचें बोलणें रेडिओसारखें," ते म्हणत. "ऐकूं येतें, पण घरचें वाटत नाहीं."

त्यांच्याबरोबर त्यांची मोठी बहीण राहत असे. तिला सगळे अक्का म्हणत. ती रायरांना तम्बी म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. घर शुद्ध शाकाहारी. रायर आयुष्यभर माशांवर काम करत आले, पण घरात मासा हा शब्द उच्चारायचा नाही, असा अक्काचा नियम होता. त्यामुळे घरात माशांना सर्वनामाने ओळखत. बरेच असतील तर "त्या". एक असेल तर "ती".

रायरांचं काम एका जातीवर होतं. तमिळमध्ये तिला वेंकेंडै म्हणतात, म्हणजे पांढरी केंडै. रोहूच्या कुळातला, गोड्या पाण्यातला, चंदेरी अंगाचा मासा. जुनी माणसं सांगतात की कावेरीच्या फाट्यांत तो एके काळी इतका होता की बाजारात टोपलीच्या हिशेबाने विकला जाई. आता तो धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. नदीत तो किती उरला आहे, कुठल्या डोहात, कुठल्या ऋतूत, हे पाहत राहणं एवढंच रायरांनी नोकरीत असताना केलं आणि निवृत्तीनंतरही.

सुरुवातीला ते बाजारात जाऊन पाहणी करत. सकाळी मासळी बाजारात जायचं, प्रत्येक टोपलीत वाकून पाहायचं, काही न घेता परत यायचं. मी त्यांच्यासोबत गेलो तेव्हा एक कोळीण ओरडली, "रायर सार, रोज मुलगी बघायला येता! कधी तरी पसंत करा की!"

"मला हवी ती मुलगी तुझ्या घरात नाही," रायर म्हणाले.

"ती कधीच पळाली! आता जी आहे तिच्याशी लग्न लावा," असं म्हणून तिने एक भला मोठा तिलापिया, बाहेरून येऊन नदीभर पसरलेला मासा, शेपटीला धरून वर उचलला. सगळा बाजार हसला. रायरही हसले. पण पुढच्या टोपलीत त्यांनी तितक्याच लक्षपूर्वक पाहिलं.

ते कधी "नाही" म्हणत नसत. "दिसली नाही" म्हणत. मी एकदा बातमीत या माशासाठी "नामशेष झालेला" अशा अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला. रायर छापलेला कागद हातात घेऊन माडी चढून वर आले. ते कधीही वर येत नसत.

"हें तुम्हांस कोणी सांगितलें?"

मी म्हटलं, इतक्या वर्षांत कुणालाच मिळाला नाही.

"दिसणें वेगळें, असणें वेगळें," ते म्हणाले. "दिसलें नाहीं इतकेंच तुमच्या हातांत आहे. तितकेंच लिहा."

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी छापून आली.

जी कुणाला दिसत नव्हती ती एक मात्र मी रोज पाहत होतो. ती घरामागच्या विहिरीत होती.

विहिरीत मासे सोडण्याची पद्धत त्या भागात जुनी आहे. पाण्यात डासांची अंडी राहत नाहीत. रायरांनी तरुणपणी अरसलार या कावेरीच्या फाट्यातल्या डोहातून वेंकेंडैची काही पिल्लं आणून विहिरीत सोडली होती. वर्षांमागून वर्षं गेली, बाकीची मेली, एक उरली. तिचा रंग उडाला होता. विहिरीत ऊन फार थोडा वेळ येई, त्यामुळे असेल. ती चंदेरी राहिली नव्हती, कागदासारखी पांढरी झाली होती. घरात तिला पांढरी म्हणत.

अक्का दुपारच्या भाताचा पहिला गोळा तिला टाकी. मी कठड्याजवळ उभा राहून ते अनेकदा पाहिलं आहे आणि मला त्याची कधी सवय झाली नाही. पांढरी वर येताना पाणी हलत नसे. आधी खोल तळाशी एक फिकट डाग दिसे. तो डाग जागचा हलल्यासारखा वाटत नसे, फक्त मोठा होत जाई. मग भात पाण्यावर नसे. आवाज नाही, तरंग नाही. डाग पुन्हा लहान होत जाई. अक्का विहिरीत पाहून विचारी, "झालें जेवण?" आणि उत्तर मिळाल्यासारखी आत जाई.

बाजारात काही मिळेना, जाळ्यात काही येईना, तेव्हा रायर पाण्याकडे वळले. मासा जिथे राहतो तिथे तो आपल्या अंगाचा काही अंश पाण्यात सोडत राहतो. खवल्यांवरचा बुळबुळीत थर, कातडीचे कण. ते पाणी बाटलीत घ्यायचं, बारीक छिद्रांच्या कागदातून गाळायचं, कागद चेन्नईच्या प्रयोगशाळेला पाठवायचा. तिथे त्यातल्या डीएनएवरून सांगतात की या पाण्यात अमुक मासा होता. मासा दिसावा लागत नाही. रायरांसारख्या माणसासाठीच ही पद्धत निघाली असावी.

पाणी काठावरून घेतलेलं त्यांना चालत नसे. काठाजवळ गावाची घाण असते, म्हणून ते कंबरभर पाण्यात उतरत. आणि नदीत उतरण्याआधी घरी अंघोळ करत. हा त्यांच्या घराण्याचा रिवाज. नदी अंगाची घाण धुण्यासाठी नसते, असं त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. पहाटे अक्का विहिरीच्या काठावर त्यांच्या डोक्यावर बादल्या ओती. ते अंग पुसत नसत. तसेच ओलेत्याने, पाणी निथळत असलेल्या धोतरात, बाटल्यांची पेटी घेऊन घाटाकडे चालत निघत. अरसलारचा घाट जवळ होता. रस्त्यावर त्यांच्या मागे ओल्या पावलांची ओळ उमटत जाई.

पहिले निकाल आले तेव्हा मी घरीच होतो. रायरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. अरसलारच्या त्या पट्ट्यात त्यांनी जिथे जिथे पाणी घेतलं होतं तिथे तिथे वेंकेंडै होती.

"अक्का," त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली. "त्या आहेत."

अक्का हात पुसत बाहेर आली. "किती?"

"किती तें पाणी सांगत नाहीं. आहेत इतकेंच सांगतें."

त्या दिवशी पायसम, म्हणजे खीर झाली. मला दोनदा वाढलं.

ही आनंदाची बातमी होती, आणि तिला एक व्यावहारिक बाजूही होती. घाटाजवळचा डोह आणि त्यापुढचा पट्टा यांच्या तळाला काँक्रीटचं अस्तर घालण्याचं काम मंजूर झालं होतं. पाणी जिरून जाऊ नये म्हणून. त्यात डोह भरून तळ सपाट होणार होता. वेंकेंडै तिथे असेल तर तो पट्टा वगळावा, अशी रायरांची मागणी पाटबंधारे कार्यालयात पडून होती. निकाल जोडल्यावर ती हलली. पट्टा वगळण्याचा प्रस्ताव तयार झाला. मी बातमी दिली.

त्यानंतरचे निकाल मात्र विचित्र येऊ लागले.

उन्हाळ्यात अरसलार कोरडा पडतो. वाळूत डबकी राहतात. रायरांनी एका डबक्यात पाणी घेतलं, गुडघाभर, गाळ झालेलं, म्हशी बसलेलं. तिथेही वेंकेंडै होती. एका पाटातही, ज्यात पाणी काल सोडलेलं आणि उद्या बंद होणार. सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या बाजूला भातशेतीच्या कडेला एक खड्डा होता, त्यातही. रायर ज्या पाण्यात उतरत, त्या पाण्यात ती असे. कुठल्याही कोळ्याच्या जाळ्यात मात्र ती कधी आली नाही.

गावात हे पसरायला वेळ लागला नाही. लोकांनी आपापला अर्थ लावला. एका सकाळी एक बाई पाण्याने भरलेली पितळी कळशी घेऊन दारात उभी राहिली. सुनेला मूल राहत नव्हतं. रायरांनी यात एकदा हात बुडवावा एवढीच तिची विनंती होती.

"मी प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस आहे," रायर तमिळमध्ये ओरडले. "पाण्यात मासे मी आणत नाही!"

बाई शांतपणे म्हणाली, "मग येतात कसे, सार?"

ती कळशी घेऊन परत गेली. रायर बराच वेळ दारात उभे होते. पुढे मला वाटत आलं आहे की पहिली शंका त्यांना तेव्हा आली.

कारण त्यानंतर त्यांनी एक वेगळी जागा निवडली. आडुतुरैजवळ त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने शेतात तळं खणलं होतं. तळाला प्लास्टिक अंथरलेलं, बोअरवेलच्या पाण्याने नुकतंच भरलेलं. त्यात मासा नव्हता, बेडूकही नव्हता. मी त्यांच्यासोबत गेलो होतो. ऊन चढलं होतं, रायरांचं धोतर वाटेत जीपमध्ये अर्धवट वाळलं होतं. ते तळ्यात उतरले. पाणी इतकं स्वच्छ होतं की त्यांची पावलं काळ्या प्लास्टिकवर स्पष्ट दिसत होती. भोवती काहीही नव्हतं. त्यांनी बाटली भरली, झाकण लावलं, आणि लगेच बाहेर आले नाहीत. स्वतःच्या पायांकडे पाहत उभे राहिले.

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा रायर कॉफी घेत होते. त्यांनी फोन सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"सार, आडुतुरैच्या तळ्यात वेंकेंडैचं बीज सोडलंय का?"

"नाही."

"मग दुसरं काही?"

"काहीच नाही. प्लास्टिक आणि पाणी."

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे घोटाळा नाही, सार. कोऱ्या पाण्याची बाटलीही तपासली. ती कोरीच आहे. फक्त तुम्ही उतरता ते पाणी..."

रायरांनी पेला खाली ठेवला. खालच्या पसरट वाटीत कॉफी सांडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माडीच्या खिडकीत होतो. खाली विहिरीवर नेहमीप्रमाणे अंघोळ चालली होती. अक्काने एक बादली ओतली, दुसरी ओतली. तिसरी विहिरीत सोडली आणि दोर ओढायला लागली. रायर खाली पाहत होते, आपल्या धोतरातून दगडांवर गळणाऱ्या पाण्याकडे.

"अक्का, पुढली बादली नको," ते म्हणाले.

"कशास? साबण आहे अंगावर."

"नको म्हणतों. थांब."

ते तसेच साबणासकट कठड्याशी वाकले. आत फिकट डाग वर येत होता. भाताची वेळ नव्हती, पण दोराचा आवाज ऐकून ती कधी कधी येई. डाग मोठा झाला. रायर आणि पांढरी एकमेकांकडे पाहत राहिले. पाणी हललं नाही.

"ही," रायर म्हणाले. "सगळीकडे हीच."

पुढचं त्यांनी पद्धतशीर केलं. नगरपालिकेच्या नळाच्या पाण्याने अंघोळ, दुकानातून आणलेलं कोरं धोतर, आणि पुन्हा तेच प्लास्टिकचं तळं. निकाल आला: काही नाही. मग विहिरीच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या धोतराचं टोक एका बादलीभर शुद्ध पाण्यात बुडवलं. निकाल आला: वेंकेंडै. नदीत मासे होते याचा एकमेव पुरावा त्यांच्या ओलेत्यातून गळत होता. नदी अपवित्र होऊ नये म्हणून ते जे करत होते, त्यानेच तिचं पाणी खोटी साक्ष देत होतं.

दुसऱ्या सकाळी अक्काने विषय काढला. ती पोळपाट धूत होती, तोंड दुसरीकडे होतं.

"तम्बी, कोणास सांगितलें काय?"

"अजून नाहीं."

"मग सांगूं नको. डोह राहतो आहे ना? राहूं दे. कोणाचें काय गेलें?"

"डोह खोट्यावर राहतो आहे."

"डोहास काय ठाऊक तो कशावर राहतो?"

अक्काने पाट भिंतीला टेकवला आणि वळली.

"मग हिला नेऊन सोड. घागरींत घाल आणि डोहांत सोड. मग खोटें कुठें राहिलें? असेल ना ती तिथें."

माझ्या मते हा त्या घरात उच्चारला गेलेला सर्वांत बिनतोड मुद्दा होता. रायरांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते उठले, विहिरीपर्यंत गेले आणि परत आले.

"एक म्हणजे असणें नव्हे, अक्का," ते म्हणाले. "एक म्हणजे उरणें."

"अय्यो, शब्द!" अक्का म्हणाली. "आयुष्यभर शब्दच खाल्लेस. ते काँक्रीट ओततील तेव्हां शब्द कालव त्यांत."

रायरांनी निकाल मागे घेतले. कार्यालयातल्या बैठकीला मी बातमीदार म्हणून हजर होतो. त्यांनी तमिळमध्ये, वर्गात शिकवावं तसं, विहीर, अंघोळ, धोतर हे सगळं क्रमाने सांगितलं. कुणी हसलं नाही. इंजिनिअर वयाने लहान होता, सभ्य होता. तो म्हणाला, "सार, आम्ही तुम्हाला विचारलं नव्हतं. कागद तुम्ही दिला, आम्ही पट्टा सोडला. आता तुम्हीच येऊन तो काढून घेताय."

"पुन्हा तपासा," रायर म्हणाले. "माझ्याशिवाय."

ते मान्य झालं. नदीला पाणी सुटल्यावर काही आठवडे जाऊ द्यायचे, म्हणजे जुने अंश वाहून जातील. मग चेन्नईची माणसं येऊन स्वतःच्या कपड्यांत, स्वतःच्या होडीतून पाणी घेतील. काही मिळालं नाही तर काम सुरू.

त्या आठवड्यांत रायर नदीकडे गेले नाहीत. जन्मापासून ज्या घाटावर ते उतरत आले, त्याच्या पायऱ्याही त्यांनी पाहिल्या नाहीत. ऐप्पसि महिन्यातलं, म्हणजे आश्विन-कार्तिकातलं, कावेरीस्नान त्यांनी कधी चुकवलं नव्हतं, ते त्या वर्षी चुकवलं आणि पुढे कधीच केलं नाही. न्हाणीचं सांडपाणी कुठे जातं हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं. ते गटारात जात होतं, नदीत नाही. विहिरीकडेही ते फिरकेनासे झाले. मागच्या अंगणात एकटी अक्का जाई. भाताचा गोळा तीच टाकी. ती काय पाहून येते हे ती सांगत नव्हती आणि ते विचारत नव्हते.

चेन्नईची माणसं आली त्या सकाळी मी वही घेऊन जिन्यावरून खाली उतरलो. रायर उंबऱ्यावर उभे होते.

"पुणेकर, आज अंघोळ कुठल्या पाण्याची?"

मी थांबलो. माझ्या न्हाणीत पाणी विहिरीचंच येत होतं. मोटर, टाकी, नळ, पण पाणी विहिरीचं.

"मी काठावरच उभा राहणार आहे," मी म्हटलं.

"घाम येईल. पुसाल. हात झटकाल." त्यांनी दाराला हात लावला. "बसा. कॉफी घेऊं."

आम्ही तिघंही घरात बसलो. नदीवर काय झालं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

रायर आता नाहीत. त्यांच्या अस्थींचं विसर्जन घाटावर झालं नाही. पूम्पुहारला, कावेरी समुद्राला मिळते तिथे करावं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. जळलेल्या हाडात काही अंश राहत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मी तसं म्हटलंही होतं. "ठाऊक आहे," ते म्हणाले होते. "तरी संशय नको. आणि डोहाच्या वरच्या अंगास तर मुळींच नको."

अस्तराचं काम झालं. घाटावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना नदीचा तळ राखाडी आणि सपाट दिसतो. मधे एक तुकडा मातीचा राहिला आहे, तिथे पाणी काळं आहे. त्यात काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही.

तो तुकडा का राहिला, ते त्या निकालाच्या दिवशी ठरलं.

फोन दुपारी आला, पानं वाढत असताना. प्रयोगशाळेतल्या बाईंनी एकेका जागेचं नाव घेतलं. नाही. नाही. नाही. रायर प्रत्येकाला मान हलवत होते, जणू हजेरी घेत होते. शेवटची जागा डोहाची होती.

"डोहात आहे, सार," बाई म्हणाल्या. "आम्ही पुन्हा करून पाहिलं. फार थोडी आहे. पण आहे."

रायरांनी फोन बंद केला. ते आनंदले नाहीत. त्यांनी अक्काकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती हातात भाताचं भांडं घेऊन उभी होती.

"अक्का, तूं काय केलेंस?"

"काय केलें?"

"घागरींत घालून नेलीस काय?"

अक्काचे गुडघे दुखत असत. घाटाच्या पायऱ्या तिला उतरता येत नसत. पण रिक्षा होती, शेजारी होते, आणि ते आठवडे रायर मागच्या अंगणात गेले नव्हते. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटलेलं मला दिसलं. ती नेलेली असेल, तर डोहातली तीच. मग पुन्हा बैठक, पुन्हा तेच सांगणं, आणि डोह गेला.

"मज कशास विचारतोस?" अक्का म्हणाली. "विहिरीस विचार."

तिने भाताचा गोळा केला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

आम्ही मागे गेलो. ऊन डोक्यावर होतं, विहिरीत पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत उजेड पोहोचला होता आणि त्याखाली काही दिसत नव्हतं. रायर कठड्याशी उभे राहिले. त्यांच्या हातातला भात टाकायला ते तयार नव्हते, हे मला स्पष्ट दिसत होतं. तो टाकेपर्यंत, ती विहिरीत आहे आणि ती डोहात आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग त्यांनी हात उघडला.

भात पाण्यावर पडला. थोडा पसरला. तसाच राहिला.

कुणी हललं नाही. शितं एकमेकांपासून सुटून कडेला जायला लागली. अक्काने पदर तोंडाशी नेला. तिला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर तिनेच सांगितलं की आदल्या दोन दिवसांत भात तसाच राहत होता. पांढरी मेली असं तिला वाटलं होतं आणि ते तिने तम्बीला सांगितलं नव्हतं.

मग तळाशी डाग दिसला. फार फिकट. तो जागचा हलला नाही, फक्त मोठा होत गेला, नेहमीपेक्षा सावकाश. पाण्यावरचा भात नाहीसा झाला. तरंग उठला नाही.

"जेवली," अक्का म्हणाली.

रायर कठड्यावरून सरळ झाले. त्यांनी नदीच्या दिशेला पाहिलं. तिकडे आमच्या अंगणाची भिंत होती.

"मग तिथें कोण आहे?" ते म्हणाले.

अक्काने भांड्यातून आणखी एक गोळा केला आणि हात पुढे केला, जणू कुणीतरी तो घेऊन जाईल. रायरांनी तो घेतला नाही. मी पुढे झालो, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"तुम्ही नको. मी नको. ही नको. आपण या विहिरीचे," ते म्हणाले. "आपण कोणी तिला हात लावायचा नाहीं."

अक्काने तो गोळा कठड्यावर ठेवला. आम्ही आत जाऊन जेवलो. संध्याकाळी मी पाहिलं तेव्हा तो तिथेच होता. त्या दिवसापासून अक्का रोज दोन गोळे करते. एक विहिरीत टाकते. दुसरा कठड्यावर, नदीच्या बाजूला, तसाच ठेवते.